काचेवर उरलेला अर्ज

डुलीचंदभाऊ टेंभरे यांच्या निधनाची वार्ता मला तहसील कचेरीसमोरच्या आमच्या टपरीवरच मिळाली. छातीत दुखत असल्याने ते दोन दिवस कामठ्याला घरीच होते, त्यांची टाईप करण्याची खुर्ची रिकामी होती आणि मी एका शेतकऱ्याचा फेरफाराचा अर्ज हाताने लिहीत होतो. तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, यमुनावहिनींचा, फोन आला. मी फोन ठेवून समोरच्या शेतकऱ्याला झाले ते सांगितले. त्याने डोक्याचा दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच विचारले, “मंग आता टाईप कोन करन, मुंशीजी?” मला त्याचा अतिशय राग आला. आज पाच आठवड्यांनी कबूल करतो, की तो प्रश्न त्याच्या आधी माझ्या मनात येऊन गेला होता...

माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढील विद्या मला कचेरीच्या व्हरांड्याने दिली. फुलचूरपासून सौंदडपर्यंत माझ्या मसुद्याला मान आहे, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. नवे शतक लागले त्या सुमारास डुलीचंदभाऊ एक जुना संगणक सायकलरिक्षात घालून माझ्या टपरीपुढे उतरले. पेटी पायाशी होती आणि मॉनिटर मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेला, जणू नवरदेवाकडचे नाजूक पाहुणे. त्या मॉनिटरची पाठ एवढी लांब होती, की टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावे लागले आणि माझी खुर्ची छपराबाहेर उन्हात गेली. मी हरकत घेतली. ते म्हणाले, “ऊन सरकते, मुंशीजी. मशीन नाई सरकत.” त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली ती अशी: मी सांगायचे, त्यांनी टाईप करायचे, आणि कागद छापून आला की सही-अंगठ्यापूर्वी तो मी वाचून पाहायचा. या वाटणीने आमच्या टेबलावरचा एकही अर्ज बरीच वर्षे परत आला नाही. भाऊंना याचा एवढा अभिमान होता, की एरवी कमी बोलणारा हा माणूस नव्या अर्जदाराला ही गोष्ट न विचारता सांगत असे.

आमच्या अर्जाचा नमुना सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर उघडाच असे. संगणक थोडा वेळ स्वस्थ राहिला की पडद्यावर मासोळ्या पोहू लागत. परंतु एकदा एका म्हाताऱ्याने आपला अर्ज पाण्यात बुडाला का असे विचारले, तेव्हापासून भाऊंनी मासोळ्या कायमच्या बंद केल्या. परिणाम असा झाला, की चार-पाच वर्षांत त्या नमुन्याची अक्षरे काचेतच उतरली. संगणक बंद असला तरी तिरप्या उजेडात ‘प्रति, मा.’ आणि ‘साहेब यांच्या सेवेशी’ आणि खाली ‘अर्जदार’ हे सारे फिकट दिसत असे. भाऊ म्हणत, काचेलेबी पाठ झाला अर्ज. काही बाया काचेच्या आत बसलेल्या साहेबाला हात जोडूनच बाकावर बसत. मी त्यांना कधी अडवले नाही, कारण अर्जदाराची श्रद्धा ही मसुद्याची अर्धी ताकद असते.

पुढे मी एक सुधारणा केली. तो नमुना छापखान्यातून जाड कागदावर छापून आणला, खाली मसुदाकार म्हणून माझे नाव ठळक टायपात घातले, आणि भाऊंनी केवळ रिकाम्या जागा भराव्यात असे ठरवले. आता पडद्यावर नमुना नव्हताच, नुसता कोरा कागद असे. परंतु काचेतली फिकट अक्षरे होती ना! भाऊ त्यांच्या आधाराने अधिकाऱ्याचा हुद्दा, अर्जदाराचे नाव आणि विषय असे टाईप करत, की छापील कागदावर प्रत्येक शब्द आपापल्या ओळीत जाऊन बसे. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, आणि मीही ते त्यांच्या बोटांचे कसब समजत राहिलो.

मग समोरच्या दुकानात चपटा मॉनिटर आला. पाटीसारखा पातळ, भिंतीला टेकलेला. लोक आधी पाहायला गेले, नंतर अर्ज करायलाही तिकडेच जाऊ लागले. मी भाऊंना तीन महिने समजावले. त्यांचे एकच उत्तर असे: “जुना चालून राह्यला ना. कायले पायजे?” शेवटी एका शनिवारी मी म्हणालो, की तुम्ही मॉनिटर बदलणार नसाल तर सोमवारपासून मी समोरच्या टेबलावर बसेन. आयुष्यात हजारो वाक्ये विचारपूर्वक घडवली. हे एक वाक्य तसेच तोंडातून गेले. सोमवारी भाऊंनी गोंदियाच्या बाजारातून चपटा मॉनिटर आणून बसवला आणि जुना कामठ्याला घरी नेला. टेबल भिंतीला लागले, माझी खुर्ची सावलीत आली. त्या दिवशी मी फार प्रसन्न होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून मी मॉनिटरची बाजू दाखवत होतो, बोटाने जाडी मोजून देत होतो, आणि या सत्कारात कागद वाचायचे राहून गेले.

दुसऱ्या दिवशी शिपायाने सात अर्ज परत आणून टेबलावर ठेवले. आतल्या बाबूंनी विचारले होते, की या सुकवाराबाई साहेब कोणत्या खात्याच्या? नव्या स्वच्छ काचेवर भाऊंचा अंदाज एका ओळीने वर सरकला होता. निराधार अनुदान मागणाऱ्या सुकवाराबाईंचे नाव साहेबांच्या जागी पडले होते, अर्जदार म्हणून ‘अनुदान मिळणेबाबत’ असे आले होते आणि तहसीलदार हा हुद्दा कागदाच्या पार वरच्या काठाला एकटाच लटकत होता. सुकवाराबाई बाकावरच होत्या. त्यांना समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मी साहेब झाली त मंग सही मीच मारून देऊ का?” सारी टपरी हसली. भाऊ हसले नाहीत. त्यांनी सातही अर्ज पुन्हा, फूटपट्टीने पडदा मोजून, नीट करून दिले, मॉनिटरची वायर काढली, तो पिशवीत घातला आणि गेले. मग पंधरा दिवस आलेच नाहीत. फोनही उचलला नाही.

मी माझ्या परीने जे येते ते केले. अर्ज लिहिला. विषय: कामावर परत येणेबाबत. सदर मॉनिटर घेण्याचा आग्रह माझा होता, तरी उपरोक्त प्रकाराबद्दल क्षमा असावी, अशी दोन पाने सुवाच्य अक्षरात लिहून कामठ्याची गाडी धरली. मनात धाकधूक होती, की हा माणूस नाही म्हणाला तर मी कोणाशेजारी बसणार...

घरी पाहतो तो भाऊ अंगणात, भर उन्हात. जुना मॉनिटर धानाच्या पोत्यावर ठेवलेला, त्याच्या काचेवर वहिनींच्या साडीच्या पिशवीचे पारदर्शक प्लास्टिक ताणून बांधलेले, आणि भाऊ व्हाइटनरच्या पेनाने आतली फिकट अक्षरे एकेक करून गिरवत होते. शेजारी नव्या मॉनिटरवर लावून पाहिलेली, फसलेली तीन प्लास्टिके पडली होती. नव्या पडद्याचे माप वेगळे असल्याने वरची ओळ जमली की खालची सरकत होती. वहिनी म्हणाल्या, “पंधरा दिवस झाले, जेवाले बोलावलं त म्हनते, थांब, साहेब वाळून राह्यला.”

मी अर्ज पुढे केला. त्यांनी हात पुसून तो शेवटपर्यंत वाचला.

“तारीख नाई टाकली, मुंशीजी.”

मी तारीख टाकली. त्यांनी कागद परत केला नाही.

“सारं लिहिलं. पन वाचाचं काम तुमचं होतं अन् तुमी वाचलं नाई, हे कोठीच नाई लिहिलं.”

आमच्या धंद्यात अर्जदाराची चूक कागदावर येऊ द्यायची नसते. तरीही मी पोत्याच्या कडेला बसून ती ओळ लिहिली. ती त्यांनी दोनदा वाचली, अर्जाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाले, “आता दाखल.” दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी टपरीवर हजर होते, आणि चौथे प्लास्टिक नव्या काचेवर चिकटलेले होते.

त्यानंतर सहा वर्षे आम्ही शेजारी बसलो, आणि मी प्रत्येक कागद वाचला. आता वहिनींच्या संमतीने संगणक टपरीवरच आहे. टाईप मीच करतो, एका बोटाने. मागच्या आठवड्यात दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने पडद्याच्या कोपऱ्यात नख घातले आणि म्हणाला, “इतने साल हो गए, पैकिंग की पन्नी तो निकाल देते, मुंशीजी.” मी त्याचा हात धरला. हात जरा जोरात धरला गेला असावा, कारण तो घाबरून मागे सरला.

एवढी वर्षे शेजारी बसूनही डुलीचंदभाऊंचे हस्ताक्षर मी त्या प्लास्टिकपूर्वी कधी पाहिले नव्हते. ते नेहमी टाईपच करत. अक्षर मोठे आहे, उजवीकडे कलते. पडदा पेटला की ते काळे दिसते, वीज गेली की पांढरे. अर्जदाराचे नाव जेथे सुरू व्हावे तेथे काचेत काहीच उमटले नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने एक छोटा बाण काढून लिहिले आहे, ‘येथून’. मी बोट उचलतो, तो बाण शोधतो, आणि तेथून सुरू करतो.