चंद्र उगवायच्या आत

मालतीताई गेल्याचं कळलं तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारात पडद्याचं कापड बघत होते. त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाला. दुकानदाराने विचारलं, “दीदी, और दिखाऊं?” आणि मी चक्क “हां” म्हणाले. तो ठाण उलगडत राहिला, मी बघत राहिले... काय बघितलं ते आजही सांगता येणार नाही.

अंबरनाथच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी हिंदी. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, पण शिक्षकखोलीत माझ्याच डब्यातली भाजी पळवायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी आकाश बघायचं मनावर घेतलं आणि मलाही ओढलं. पहिल्या मोहिमेची अक्कल मात्र माझी. कोजागिरीला नाहीतरी जागायचंच, मग त्याच रात्री तारे बघू, असं मी सुचवलं. बारवी धरणाच्या वाटेवर माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं शेत आहे, तिथे आम्ही चार बायका मसाला दूध घेऊन पोहोचलो. डोक्यावर पूर्ण चंद्र, सगळीकडे पिठासारखं चांदणं आणि तारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मालतीताई दुधाचा पेला संपवून शांतपणे म्हणाल्या, “शैला, बँड वाजत असताना कानगोष्टी ऐकायला आलोय आपण.”

त्यानंतर त्यांनी जी युक्ती काढली ती त्यांनाच सुचावी. तारे बघायला अमावास्या उत्तम, हे कुणीही सांगेल. पण अमावास्येला घरातून बायकांना बाहेर कोण सोडणार? त्यांनी संकष्टी निवडली. चंद्र उगवायला नऊ तरी वाजतात, दिवेलागणीनंतर तोवरचा सगळा काळोख आपला. उपास असल्यामुळे डबे, स्वयंपाक, काही भानगड नाही आणि जेवायच्या वेळेला माणूस घरी. वर, “चंद्र बघायला जातेय म्हटल्यावर कुठल्या सासूची नाही म्हणायची टाप आहे?” हे त्यांनी मला डोळे मिचकावून सांगितलं होतं.

नव्याने येणाऱ्या बाईला त्या आधी दमात घ्यायच्या. दुर्बीण विकत घ्यायची नाही, आधी डोळे वापर. दिवाळीनंतरच्या महिन्यांत ये, आभाळ स्वच्छ असतं. कितीही उकडत असलं तरी शाल आण, जमीन गार पडते. चटई आण, मान वर करून उभी राहिलीस तर उद्या मानेला शेक घ्यावा लागेल. डास चावतात, मलम लाव. शेतमालकाला आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय कुणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. आणि मोबाइल पिशवीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात, एकदा फोन उघडला की मेहनत पाण्यात. बॅटरीवर बांधायला लाल जिलेटिन कागद लागायचा, कारण लाल उजेडाने डोळे दिपत नाहीत. तो घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, “मॅडम, किस डेकोरेशन के लिए?” त्या म्हणाल्या, “अंधेरे के लिए.” बिचाऱ्याने आणखी काही न विचारता कागद गुंडाळून दिला.

एका रात्री त्या एकच गोष्ट शिकवायच्या. मला कृत्तिका दाखवल्या तेव्हा नुसता पुसट डाग दिसला. “थेट बघू नकोस गं,” त्या म्हणाल्या, “बाजूला बघ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून टिप. तुला बघायला आलेल्या मुलाकडे बघितलं असशील ना, तसं.” मी हसले, आणि हसता हसता डागातून तारे सुटे झाले. तो आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो, आणि तो ज्यांना सांगावा त्याच आता नाहीत.

त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शेतावर जाणं थांबलं. मग त्या अंबरनाथ पश्चिमेच्या आपल्या वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत बसायला लागल्या. तिथून पूर्व मोकळी दिसते. माझं घर बेलवलीत पहिल्या मजल्यावर, समोर इमारतीची भिंत. त्यामुळे दर संकष्टीला त्यांचा फोन यायचा. दोनच शब्द. “दिसला. जेव.” तो आल्याशिवाय मी ताट वाढत नसे. हा फोन फक्त मला येतो, याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या गेल्यानंतरच्या पहिल्या संकष्टीला मी आरती केली, नैवेद्य झाकून ठेवला आणि बसून राहिले. ह्यांनी दोनदा सांगितलं, “कॅलेंडरातली वेळ होऊन गेली, जेव ना आता.” मी म्हटलं, “फोन नाही आला अजून.”

तेवढ्यात खरंच फोन वाजला. आमच्यातलीच वैशाली होती. “शैलाताई,” ती चाचरत म्हणाली, “तुम्हालापण यायचा का हो... त्यांचा?” क्षणभर मला राग आला, खरंच आला. म्हणजे हिलाही? वैशालीने आमच्यातल्या सुजातालाही फोनवर घेतलं. सुजाता बौद्ध, उपासाशी तिचा काही संबंध नाही. ती म्हणाली, “मला सांगायच्या, ‘दिसला. तू तर जेवून बसली असशील, पण गच्चीत जाऊन बघून ये.’ आज वाट बघत बसले.”

म्हणजे आम्ही तिघी आपापल्या घरात फोनकडे बघत बसलो होतो. इतक्या संकष्ट्या काळोखात काढलेल्या आम्ही बायका, आणि एकीनेही वर बघितलं नव्हतं.

मी फोन कानाला लावूनच गच्चीत गेले. चंद्र कधीच वर आला होता.

“दिसला,” मी म्हटलं.

पुढचा शब्द मला म्हणवेना. खाली नैवेद्य तसाच झाकलेला राहिला, आणि बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.