यांच्या पाठीवरचा डाग

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायला वेळ लागतो — पण लोकांनी वैताग आणलाय. अजून कुणी ना कुणी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढून येतं आणि विचारतं, "काकू, तो लेप देता का?" कसला लेप? नाही म्हटलं की म्हणतात, काकू शिष्ट झाली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझे यजमान इथं हिंदी मुलखात, नदीकाठी पौरोहित्य करायचे, उघड्या अंगानं. घाटावर श्राद्धाला आलेला एक पाहुणा नेमका डॉक्टर निघाला. यांच्या पाठीवरचा काळा डाग त्यानं पाहिला. म्हणाला, "गुरुजी, हा कापून तपासायला द्या. उशीर नको."

यांना स्वतःची पाठ दिसणार कशी? माझेच डोळे. मी कडुनिंब-हळद वाटून लावू लागले. तीन महिन्यांत डाग अर्धा पांढरा पडला. मग काय — गल्लीभर मीच सांगत सुटले. इस्पितळ राहिलं. बायका वाट्या घेऊन दारात! जन्मभर मान यांचा. पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी पायऱ्या चढत होतं. आवडलं मला. खोटं कशाला बोलू?

दिवाळीत अभ्यंगाचं तेल चोळताना यांच्या काखेत गाठ लागली हाताला. सुपारीएवढी, टणक. दुखत नव्हती, यांना पत्ता नाही.

"काय गं, थांबलीस का?"

"काही नाही. हात वर धरा नीट."

का नाही बोलले? गाठ दाखवली असती तर लेप खोटा पडला असता. एवढंच. दुसरं कारण शोधून पाहिलं — नाही सापडलं.

शिवरात्रीला खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, कॅन्सरचा असला डाग कधीकधी शरीर आपणच पुसतं, लेपाचा काही संबंध नाही; आणि डाग फिकटला म्हणजे आजार गेला असं नसतं, तो आत पसरलेला असू शकतो. आधी आणलं असतं तर वाचले असते का? — ते त्यालाही सांगता येईना. उलट मलाच विचारलं, "माताजी, गाँठ कब से है?"

"आठ दिन," मी म्हणाले.

हे खाटेवरून त्याला सांगत होते, "डॉक्टर साहब, इसने बहुत सेवा की मेरी."

वैशाखात हे गेले.

गाठ आठ दिवसांची नव्हती. दिवाळीपासून होती.