प्लास्टरवरचे तेहतीस

हाडांच्या वॉर्डात त्याला सगळे टेलर म्हणत, आणि एके काळी तो खरोखरच टेलर होता. तयार पँटी बाजारात आल्या, दुकानाचं शटर खाली आलं आणि बायकोच्या भावाने त्याला हॉस्पिटलच्या प्लास्टररूममध्ये चिकटवून दिलं. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. हातातलं कापड गेलं, ओल्या पट्ट्या आल्या. नजर मात्र तीच राहिली. माणूस दारातून आत आला की टेलर आधी पाय बघे, तोंड मागाहून. मापाची पिवळी टेप अजून त्याच्या गळ्यात असे. नवे डॉक्टर ती बघून हसत. त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असे. दोन्हींपैकी रोज वापरात येणारी वस्तू एकच आहे, असं टेलरचं ठाम मत होतं.

प्लास्टर वाळत आलं की त्यावर पेन्सिलने तारीख लिहायची, ही सगळीकडची पद्धत. टेलर तारखेखाली आणखी एक आकडा लिही. दुसऱ्या, चांगल्या पायाच्या पोटरीचं माप, सेंटिमीटरमध्ये. गुडघ्याखाली पंजाभर अंतर सोडून, टेप ना सैल ना घट्ट. एका पायाचं माप घेऊन कुणी पँट शिवत नाही, एवढंच तो सांगे. खरं कारण वेगळं होतं. फार वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलेला एक धिप्पाड माणूस घरी जायच्या दिवशी पलंगावरून उतरला, चार पावलं चालला आणि कोसळला तो कोसळलाच. पडून पडून पायातलं रक्त गोठलं होतं, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात जाऊन बसली होती. मोडलेल्या पायाला दहा जणांनी दहा वेळा हात लावला होता. गाठ होती दुसऱ्या पायात. चादरीखाली तो पाय ढोलासारखा सुजला होता, आणि ती चादर कुणी उचलली नव्हती.

मग एकदा वरून कागद आला. हाड मोडलेल्या प्रत्येक पेशंटच्या दोन्ही पोटऱ्या रोज मोजा, दुखतंय का विचारा, शंका आली तर सोनोग्राफी करा. कागद चांगला होता. अडचण एवढीच, की तो इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर आला. सिस्टर सकाळी चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या हाताने तक्ता वरपासून खालपर्यंत भरून टाकत. उजवी चौतीस, डावी चौतीस. वॉर्डात अठ्ठावीस पलंग आणि छप्पन्न पोटऱ्या, सगळ्या एका साच्यातून काढलेल्या. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याचा एक पाय गुडघ्याच्या वरून कापलेला होता. तक्त्यात त्यालाही दोन पोटऱ्या होत्या, दोन्ही धडधाकट. मोठे डॉक्टर रोज खाली सही करत. सही मात्र फार सुंदर होती.

त्या सकाळी टेलर अकरा नंबरच्या पलंगापाशी गेला. तिथे एक रंगारी होता. शिडीवरून पडून उजवी नडगी मोडलेली, कमरेला मुका मार, म्हणून आठ दिवस आडवा. आज त्याला घरी सोडणार होते. रंगाऱ्याची बायको तेल लावून त्याची डावी पोटरी जीव लावून चोळत होती.

"काय वहिनी, मालिश कसली?"

"कालपासून पेटके येतायत म्हणतात, दादा. सिस्टर म्हणाल्या, पडून राहिल्याने होतं, चोळा जरा."

"हात काढा."

"अहो, पण..."

"हात काढा म्हणतो ना!"

ती दचकून मागे सरली. रंगारी हसला. "टेलरकाका, लग्नाला बारा वर्षं झाली, आज पहिल्यांदा बायको पाय चेपतेय. तेवढंही बघवेना तुम्हाला?"

टेलर हसला नाही. त्याने तेल पुसलं, टेप गुंडाळली. कातडी तुकतुकीत, हाताला गरम. सदतीस. त्याने प्लास्टरवर बघितलं. त्याच्याच हातचा आकडा होता, तेहतीस. आठ दिवसांत पलंगावर पडून माणसाची पोटरी चार सेंटिमीटर भरते कशी? वॉर्डाचं जेवण त्याने चाखलेलं होतं. त्याने भरणं शक्य नव्हतं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "पाय खाली टेकवायचा नाही. वहिनी, बसा इथेच."

तो इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाशी गेला. सिस्टरने तक्ता पुढे केला. "सगळं बरोबर आहे. हे बघा, उजवी चौतीस, डावी चौतीस."

"उजवी चौतीस? सिस्टर, उजवी आठ दिवस माझ्या प्लास्टरात कोंडलेली आहे. आत शिरून मोजलीत?"

"टेलर, तुम्ही पट्ट्या बांधा. डॉक्टरकी शिकवू नका."

मोठ्या डॉक्टरांनी वाद मिटवायला घाईघाईत चिठ्ठी खरडली. चिठ्ठीत लिहिलं, मोडलेल्या पायाची सोनोग्राफी. पलंग ढकलत खाली नेला आणि अर्ध्या तासात वर आणला. कागदावर शिक्का होता: प्लास्टरमुळे तपासणी शक्य नाही.

"झालं ना समाधान?" डॉक्टर म्हणाले. "तपासणी झाली. सोडा त्याला."

वॉकर आला. रंगाऱ्याने चादर बाजूला सारली. टेलर पलंगाच्या कडेवर ठाण मांडून बसला.

"प्लास्टर पास नाही," तो म्हणाला.

वॉर्डाचा नियम होता. प्लास्टरवाल्याची बरोबरची खूण नसेल तर पेशंटला घरी सोडत नाहीत. सत्तावीस वर्षांत टेलरने ती खूण कधी अडवली नव्हती.

"काय बिघडलंय प्लास्टरला?" डॉक्टर तणतणत आले.

"वाचा त्यावर काय लिहिलंय."

"तेहतीस. हे काय आहे?"

"डाव्या पायाचं माप, पडला त्या दिवशीचं. आता ही टेप घ्या. तुमच्या हाताने मोजा. मी अडाणी, माझं चुकत असेल."

वॉर्ड बघत होता. डॉक्टरांना टेप घ्यावी लागली. ती कुठून धरायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, ते टेलरने दाखवलं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला.

"डाव्या पायाची सोनोग्राफी," ते हळूच म्हणाले. "आत्ता. आणि याला उठू देऊ नका."

गुडघ्यामागून मांडीपर्यंत गाठ होती. रंगाऱ्याच्या पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. त्याची बायको आपले तेलकट हात पदराला पुसत राहिली. "मी आणखी चोळलं असतं तर, दादा?" एवढंच तिने विचारलं. टेलर म्हणाला, "तुम्हाला सांगणाऱ्याने विचारावं ते. तुम्ही नाही."

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांना अकरा नंबरपाशी उभे राहून सांगत होते, "मला पहिल्यापासूनच शंका होती." आठवड्याभरात नवा हुकूम निघाला. यापुढे प्रत्येक प्लास्टरवर माप लिहावं. सिस्टरने एका बैठकीत बॉलपेनने वॉर्डातल्या सगळ्या प्लास्टरांवर तेहतीस लिहून टाकलं. त्यात दोन हातही होते. टेलरने एकेक आकडा खोडला आणि टेप काढली.

सहा आठवड्यांनी रंगारी प्लास्टर काढायला आला. टेलरने करवत चालवली, टरफल उघडलं. आतून पाय निघाला, फिकट, वाळक्या काडीसारखा. टेलरने सवयीने टेप लावली. एकोणतीस.

रंगारी वाकून बघत राहिला. मग त्याने टेबलावरची आपली फाइल उघडली आणि तक्त्यावर बोट ठेवलं. त्याचा वॉर्डातला मुक्काम तीन आठवडे झाला होता, आणि तीन आठवडे उजवी पोटरी चौतीस होती.

"काका," तो म्हणाला, "हा नको. मला हा कागदावरचा पाय द्या. किती भरलाय बघा."

टेलर त्या दिवशी मात्र हसला.