बिननावाच्या कुत्र्याचा शोध

आमच्या कुत्र्याला नाव नव्हतं. हे सांगितलं की माझ्या नाती हसतात. त्यांच्या कुत्र्याला नाव आहे, गळ्यात पट्टा आहे, सुई टोचायला वेगळा डॉक्टर आहे. आमचं आपलं 'यू यू' म्हटलं की पळत यायचं, संपलं. तांबडा रंग, एक कान उभा, एक पडलेला. घरातल्या कुत्र्याला कशाला लागतंय नाव? नाव लागतं ते हरवल्यावर, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

बहात्तरच्या दुष्काळात ते आमच्याकडं आलं. कुठून आलं कुणास ठाऊक. एवढंसं पिल्लू, नुसता हाडांचा सापळा, आणि आल्या आल्या गोठ्यातल्या पांढऱ्या बैलाच्या पोटाला टेकून झोपलं. बैलानं रात्रभर पाय हलवला नाही असं दादा सांगायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्या दुष्काळात याच बैलानं रस्त्याच्या कामावर खडीची गाडी ओढून आमची चूल पेटती ठेवली होती. माय कपाळावर हात मारून म्हणाली, "हितं माणसाला खायला न्हाई आन् ह्यांनी कुत्रं ठिवून घेतलं!" म्हणाली आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून तिनंच त्याच्या पुढ्यात टाकला.

तेव्हापासून बैल आणि कुत्रं एकाच ठिकाणी. बैल औताला गेला की हे बांधावर. बैल गाडीला जुंपला की हे गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, पांढऱ्याच्या मागच्या खुरांशी चालायचं. वरून ते दिसत नसे. आम्हीही कधी वाकून बघितलं नाही, कारण ते असायचंच. मला तर तेव्हा असं वाटायचं की गाडी म्हटली की तिला दोन चाकं, एक जू आणि खाली एक कुत्रं असतं.

मी सातवीत असताना पांढरा थकला. एक पाय ओढायला लागला. आमची काळी जमीन, चिखलात सुदृढ बैलाचाही पाय रुतायचा, तिथं हा कुठं टिकणार? दादांनी बरेच दिवस उद्यावर ढकललं आणि मग हिवाळ्यातल्या एका बाजारच्या दिवशी गाडी वालूरला नेली. हट्ट करून मीही गेले. नांगराला बैल पाहिजे म्हणणाऱ्याला दादांनी सरळ नाही म्हटलं. पांढरा दिला तो येलदरीकडच्या एका माणसाला. तो धरणावरची मासळी गाडीत घालून जिंतूरला न्यायचा, त्याच्या गाडीला एक बैल कमी होता. हलकं ओझं, चांगली सडक. तिथंच दुसऱ्याकडून दादांनी एक तरणा बैल घेतला. तो बैल इतका रागीट होता की माझ्या हातचं गवतही त्यानं फुंकरून टाकलं.

आमच्याकडं एक रीत होती. बैल दिला की आपलं दावं काढून घ्यायचं, त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवायचा आणि निघायचं. मागं वळून बघायचं नाही. मालकानं वळून बघितलं तर जनावराचं मन नव्या दावणीला लागत नाही म्हणतात. दादांनी हात फिरवला, दावं खांद्यावर टाकलं आणि मला म्हणाले, "म्होरं बघ बाई, म्होरं बघ." मी गाडीत ताठ बसून समोर बघत राहिले. मान दुखेस्तोवर. त्यामुळं आमच्या पाठीमागं काय झालं ते आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.

वाटेत मी पेंगत होते. दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच ज्वारी, कणसं भरत आलेली, आणि त्यावर उन्हाचा पिवळा पदर. चाकांचा आवाज ऐकता ऐकता मला वाटत होतं की रस्ताच आपल्याला घरी घेऊन चाललाय. घर आलं. मी उतरले, मायनं दिलेला भाकरीचा तुकडा गाडीखाली धरला आणि 'यू यू' केलं. तुकडा माझ्या हातातच राहिला.

मग काय, गावभर धुंडाळलं. ओढा, खळी, शाळेच्या मागचा उकिरडा. पण हाक मारायची ती काय मारायची? 'यू यू' केलं की गावातली एकूण एक कुत्री हजर! काळी, पांढरी, लंगडी, कुणाची शेपूट तुटलेली. सगळी आशेनं माझ्या तोंडाकडं बघायची आणि मी त्यांच्या अंगावर ओरडायची, "तुमी न्हाई रे! तुमाला कुणी बोलावलं?" रात्री स्वप्नातही तीच यायची. रांग लावून उभी राहायची आणि त्यात आमचं नसायचं.

पुढच्या बाजारी दादांबरोबर पुन्हा वालूरला गेले. गाड्या सुटायच्या त्या मैदानाच्या कडेला चहाचं हॉटेल होतं. हॉटेलवाला कपबशा विसळता विसळता म्हणाला, "तांबडं व्हय? एक कान पडका? अवं, ते तर त्या मासळीवाल्याच्या गाडीखाली गेलं की! तुमच्या बैलाच्या मागं मागं. मला वाटलं, बैलासंगं कुत्रं बी दिलं तुमी."

मी दादांचा हात ओढला. चला म्हटलं, आत्ताच्या आत्ता येलदरीला चला. दादा जागचे हलले नाहीत. "दिल्या बैलाच्या दारात जाऊ न्हाई," एवढंच म्हणाले. असा राग आला मला! घरी येऊन ताटावर बसले नाही. दोन दिवस मायनं माझी मनधरणी केली आणि मग तिचा तोफखाना दादांकडं वळला. "पोरगी वाळून काडी व्हायलीय आन् तुमी रीत धरून बसा! बैलाला भेटू नका, कुत्रं तर घिऊन या."

पहाटे निघालो. धुकं इतकं होतं की आपलेच बैल दिसेनात, नुसती शिंगं पुढं तरंगत चाललेली. मी गोधडीत गुरफटून पडले होते. मध्येच जाग यायची, मध्येच झोप. कुठल्याशा गावात कोंबडा आरवला, कुठंतरी चुलीच्या धुराचा वास आला, एक म्हातारी धुक्यातून निघाली आणि धुक्यातच गेली. आता आठवलं तरी मला खात्री देता येत नाही की ती म्हातारी खरंच होती. ऊन वर आलं तेव्हा समोर धरणाचं पाणी पसरलेलं. तेवढं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. आभाळ कुठं संपतंय तेच कळेना.

घर विचारत विचारत गेलो. दादांनी गाडी लांबच, बाभळीच्या आड थांबवली. "तू जा. मी न्हाई येत. माझा आवाज बी त्याच्या कानावर जायला नको."

अंगणात एक बाई मासळी साफ करत बसली होती, मासळीवाल्याची घरवाली. पलीकडं लिंबाच्या सावलीत पांढरा बसलेला आणि त्याच्या पोटाला टेकून आमचं तांबडं! मी हळूच 'यू यू' म्हटलं. अगं बाई! ते असं सुटलं की मला पाडलंच त्यानं. तोंड चाटून काढलं. मी त्याच्या पाठीत गुद्दे घालत होते आणि रडत होते. "मुडद्या, मासळीच्या मुंडक्यासाठी आमाला सोडलंस व्हय रे?"

बाई हसली. "मुंडक्याला शिवत बी न्हाई ते. आमच्या मालकानं आल्या दिवशी हाकलून दिलं त्याला. तर तुमचा बैल वैरणीला तोंड लावंना. पाणी बी पिईना. दुसऱ्या दिवशी हे परत आलं, पोटाशी बसलं, तवा कुठं खाल्लं बिचाऱ्यानं."

मला काय त्याचं? मी म्हटलं, "कुत्रं आमचं हाय. मी नेणार."

"न्या की माय. तुमचंच हाय," बाई म्हणाली.

ते उड्या मारत माझ्यासंगं आलं. बाभळीआड दादा दिसले तसं तर येडंच झालं, रडल्यासारखा आवाज काढत त्यांच्या पायांत लोळायला लागलं. आणि तेवढ्यात अंगणातून पांढरा हंबरला. एकदाच. कुत्रं उठलं, वाटेच्या मधोमध जाऊन उभं राहिलं. आमच्याकडं बघायचं, अंगणाकडं बघायचं.

दादांनी डोळे मिटले होते. मग ते उठले, माझ्या शेजारून सरळ अंगणात गेले. मी मागं पळाले. पांढऱ्यानं मान लांब करून त्यांच्या खांद्यावर ठेवली, दादांनी त्याच्या मानेला मिठी मारली. कितीतरी वेळ. ती बाई मासळी तशीच टाकून आत निघून गेली.

"कुत्रं तुझं हाय बाई," दादा मला म्हणाले. "तू म्हनशील तसं."

हे बरंय! सगळं माझ्यावर का टाकायचं? मला दादांचा राग आला, कुत्र्याचा आला, बैलाचाही आला. तांबडं आपल्या जागेवर जाऊन पांढऱ्याला टेकलं होतं. पांढऱ्यानं जमिनीवरचा कडबा ओढून घेतला आणि चावायला लागला. तो करकर आवाज ऐकत मी उभी राहिले. "राहू द्या," मी म्हटलं, आणि पाय आपटत गाडीत जाऊन बसले.

परतताना बराच वेळ पाणी आमच्या बाजूनं होतं. मी मोठ्यानं रडत होते, दादांना ऐकू जावं म्हणूनच. माझं कुत्रं गेलं होतं आणि ते आपले बैल हाकत होते. पाणी मागं पडल्यावर त्यांनी गाडी थांबवली.

"कुत्र्याला कळलं कुणासंगं जायचं ते," दादा म्हणाले. "दुष्काळात ज्यानं आपल्याला तारलं, त्याच्याकडं पाठ करून मी गुमान घरी आलो बग."

आणि दादा रडायला लागले. पटक्याचा सोगा तोंडात धरून, पोरासारखे. त्यांना असं मी कधी बघितलं नव्हतं, नंतरही कधी नाही. माझं रडू कुठल्या कुठं गेलं. मी पुढं सरकले, त्यांच्या हातातला कासरा घेतला आणि गाडी घराकडं हाकली.