पीरी दाढी

स्केल्विकहून लर्विकला जाणारी सकाळी पावणेसातची बस गिबी हॅल्क्रो बावीस वर्षं चालवत होता. एवढ्या वर्षांत ती दोनदाच उशिरा सुटली. एकदा लाटा रस्त्यावर आल्या म्हणून आणि एकदा त्याच्या मुलीचा जन्म झाला म्हणून. बाकी शेटलंड बेटांच्या त्या टोकाला लोक घड्याळं त्याच्या बसवर लावत. लर्विकच्या दुकानातून कुणाच्या गोळ्या आणायच्या, कुणाचा चष्मा दुरुस्तीला टाकायचा, कुणाच्या बहिणीला काय निरोप द्यायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे. तरुणपणी सहा वर्षं मासेमारीच्या बोटीवर काढून तो जमिनीवर आला होता, आणि बस हेच आपलं खरं काम असं त्याने त्याच वेळी ठरवून टाकलं होतं.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी समोरून मासळीचा ट्रक आला. रस्ता एका गाडीपुरताच, म्हणून गिबीने नेहमीप्रमाणे बस बाजूच्या मोकळ्या पट्टीत घेतली. ट्रक गेला, ट्रकवाल्याने हात केला. बस मात्र हलेना. आत अकरा प्रवासी होते. एकानेही तोंड उघडलं नाही. गिबी थांबलाय म्हणजे काही कारण असेल, मागून आणखी एक गाडी येत असेल, असं धरून सगळे खिडकीबाहेर बघत बसले. चार मिनिटं गेली. मग पहिल्या बाकावर स्वेटर विणत बसलेल्या माइमा इंक्स्टरने, वय ऐंशी, विणायची सुई त्याच्या खांद्याला टोचली.

"काय रे गिबी, वसंत ऋतूची वाट बघतोयस का?"

बस हसली. गिबी दचकून जागा झाला, पण त्याला हसू आलं नाही. त्याने बस जपून लर्विकला नेली, किल्ली बस कंपनीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "दुसरा माणूस बघा. मी आधी डॉक्टरकडे जातो."

तपासणीत निघालं ते असं: झोपेत गिबीचा श्वास तासाला बावन्न वेळा अडकत होता. त्याची बायको विल्मा हे वीस वर्षं सांगत होती, फक्त तिला आकडा माहीत नव्हता. डॉक्टरांनी उशाशी ठेवायचं एक यंत्र दिलं. ते नळीतून हवा आत दाबायचं आणि घसा मिटू द्यायचं नाही. पण त्याचा दाब सतत एकसारखा असल्याने गिबीला श्वास सोडणं जमेना. "समुद्राच्या वाऱ्याकडे तोंड करून मेणबत्ती विझवायला सांगतात तसं वाटतं," असं त्याने सांगितलं. म्हणून ॲबर्डीनच्या मोठ्या दवाखान्याने नोव्हेंबरच्या मध्याला दुसरं यंत्र पाठवलं. त्याचे दाब दोन होते. श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. गिबीचं नाक एका मेंढ्याने दोनदा फोडलेलं, त्यामुळे तो तोंड उघडं टाकून झोपायचा. तेव्हा मास्कही नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, पूर्ण चेहऱ्याचा मिळाला.

नियम साधा होता. यंत्र रोजचे आकडे ॲबर्डीनला आपोआप कळवणार. सहा फेब्रुवारीला डॉक्टर ते बघणार. ठीक असले तर बस चालवायचा परवाना परत मिळावा म्हणून पत्र देणार, नसले तर आणखी तीन महिने थांबा. कंपनीने मात्र बदली ड्रायव्हर फेब्रुवारीअखेरपर्यंतच धरून ठेवला होता. त्यानंतर कायमचा माणूस नेमू, हे साहेबांनी गिबीला तोंडावर सांगितलं होतं. वाईट वाटून, पण सांगितलं होतं.

आकडे ठीक येत नव्हते. मास्क गळत होता. गालाशी हवेची शीळ वाजायची, कधी ती डोळ्यांत जायची, आणि यंत्र मधेच भलत्या वेळी जोर करायचं. सकाळी यंत्राच्या पडद्यावर मास्क नीट बसला असेल तर हिरवा हसरा चेहरा यायचा, नाहीतर लाल रडका. गिबीला रोज लाल चेहरा भेटायचा. त्याने पट्टे आवळले, मग आणखी आवळले. नाकाच्या दांडीवर जखम झाली, चेहरा लालच राहिला.

डिसेंबरात त्याने ॲबर्डीनच्या नर्स कर्स्टीन फार्कर यांना फोन लावला.

"पट्टे किती घट्ट करता, मिस्टर हॅल्क्रो?"

"जातील तेवढे, मॅडम."

"तसं नका करू. फार आवळलं की रबरी कड दुमडते आणि जास्तच गळतं. आडवं व्हा, यंत्र चालू करा, मग पट्टे हळूहळू जुळवा. मास्कची कड रोज धुता ना?"

"रोज. विल्मा उभी राहून बघते."

"छान. आणि दाढी आहे का तुम्हाला?"

"आहे की. पीरी."

"म्हणजे?"

"पीरी. छोटीशी."

"मग मापाचाच घोटाळा असेल. मोठ्या मापाचा मास्क पाठवते."

गिबी खोटं बोलला नव्हता. पीरी म्हणजे लहान, पण शेटलंडमध्ये या शब्दाला लहान-मोठं कळत नाही. पाळण्यातलं मूल पीरी, चहाचा घोट पीरी, आणि कोंबड्यांचं खुराडं उचलून शेजाऱ्याच्या शेतात टाकणारं वारंही पीरीच. शिवाय त्या वर्षी गिबीपुढे दाढीचं माप होतं ते त्याच्या मेव्हण्याचं.

विल्माचा भाऊ लाऊरी रॅटर सोळा वर्षं समितीत थांबून यंदा स्केल्विकच्या अप-हेली-आ या मशालींच्या उत्सवाचा यार्ल, म्हणजे म्होरक्या, झाला होता. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी मशालींच्या मिरवणुकीत वायकिंग टोळीच्या पुढे तो चालणार, आणि शेवटी त्याच्या हुकमाने लाकडी जहाज पेटणार. टोळीतल्या, गिबी धरून, बावीस जणांनी मागच्या फेब्रुवारीपासून गालाला वस्तरा लावला नव्हता. लाऊरीची दाढी कोटाच्या तिसऱ्या बटणाशी आली होती. गिबीची पहिल्या बटणावरच थांबली होती, म्हणून टोळीत तिचं नाव पडलं होतं पीरी दाढी.

मोठा मास्क आला, गळला. मग लहान आला, तोही गळला. विल्माने तिन्ही भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने टांगले आणि म्हणाली, "लाऊरीच्या जहाजाला ढाली कमी पडल्या तर इथून नेता येतील."

जानेवारीच्या मध्याला कर्स्टीनबाईंनी पडद्यावर समोरासमोर बोलायचं ठरवलं. त्यासाठी लर्विकच्या दवाखान्यात जायचं होतं. गिबी आपल्याच बसमधून, माइमाच्या मागच्या बाकावर बसून गेला. बदली ड्रायव्हर वळणांवर गिअर उशिरा बदलत होता. गिबीचा उजवा पाय प्रत्येक वळणावर आपोआप दाबला जात होता.

पडदा उजळला. पलीकडे करड्या केसांच्या, चष्मा लावलेल्या कर्स्टीनबाई दिसल्या. त्यांनी गिबीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"मिस्टर हॅल्क्रो, तुम्ही पडद्याच्या फार जवळ बसलायत की ही खरोखरच तुमची दाढी आहे?"

"माझीच आहे, मॅडम."

"ही पीरी?"

"आमच्या लाऊरीची बघायला हवी तुम्ही."

बाई चष्मा काढून हसल्या. डोळे पुसून झाल्यावर मात्र त्यांनी नीट समजावलं. "रबराची कड कातडीला चिकटून बसायला हवी. तुमच्याकडे ती लोकरीवर बसलीये. केसांतून हवा निघून जाते. आणि तुमचं यंत्र दोन दाबांचं आहे. तुम्ही श्वास कधी घेता, कधी सोडता, हे ते हवेच्या येण्याजाण्यावरून ओळखतं. एवढी गळती असली की त्याचा गोंधळ उडतो. तुम्ही श्वास सोडायला बघता आणि ते आत ढकलतं."

"अगदी तसंच होतं!" गिबी म्हणाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या छातीतलं बोललं होतं.

"तीन आठवडे आहेत. दाढी आज काढलीत तर आकडे सुधारतील."

"सगळी?"

"मास्कच्या कडेखाली येते तेवढी. बाकीची तुमची."

घरी विल्माने मटणाचं सूप वाढलं. तो चमचा ढवळत बसला.

"लाऊरी सोळा वर्षं थांबलाय, विल्मा. टोळीत सगळ्यांची पूर्ण दाढी हवी, हा त्याचा एकच हट्ट आहे."

"सोळा वर्षं थांबलाय खरा," विल्मा म्हणाली. "आणि मी वीस वर्षं तुझा अडकलेला श्वास परत सुरू होतोय का, याची वाट बघत पडून असते. माझी मिरवणूक कुणी काढली?"

गिबीने चमचा खाली ठेवला.

विल्मा गोठ्यातून मेंढ्यांवर खूण करायचा निळा खडू घेऊन आली. तिने गिबीला खुर्चीत बसवलं, मास्क चेहऱ्यावर धरला आणि कडेभोवती रेघ ओढली: नाकाच्या दांडीवरून, दोन्ही गालांवरून, खालच्या ओठाखालच्या खळगीपर्यंत. मग रेघ गेली तिथले, गालांवरचे आणि ओठाखालचे केस आधी कात्रीने, नंतर वस्तऱ्याने गेले. मिशी रेघेच्या आत होती, ठेवता आली असती. पण तिची टोकं कडेखाली सापडत होती आणि टोकांविना मिशी विल्माला बघवेना. तीही गेली. हनुवटीखाली आणि जबड्याभोवती मात्र वर्षभराची दाढी तशीच लोंबत राहिली.

गिबीने आरशात पाहिलं. "अर्धी कातरलेली मेंढी पळून आल्यासारखं दिसतंय."

विल्मा त्याच्याकडे मान तिरकी करून बघत होती. मग ती बैठकीच्या खोलीत गेली आणि भिंतीवरची एक तसबीर काढून आणली. सहा वल्ह्यांच्या होडीपुढे उभे सहा कोळी, डावीकडून पहिला गिबीचा पणजोबा. ओठावर मिशी नाही, गाल साफ, आणि जबड्याखालून छातीपर्यंत दाढी. सहाही जण तसेच.

"तू कातरलेला नाहीस," ती म्हणाली. "तू त्याच्यावर गेलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर हिरवा चेहरा हसत होता. गिबी तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज डोकं दुखत नाही.

जहाजाच्या शेडमध्ये शनिवारी दुपारी तो गेला तेव्हा ढाली रंगवणारे सगळे हात थांबले.

"हा पाद्री कुणी बोलावला?" कुणीतरी मागून म्हणालं.

लाऊरी हसला नाही. "एक महिना, गिबी! एक महिना कळ काढता आली नाही तुला?"

"सहा तारखेला माझे आकडे बरे दिसले नाहीत तर बस गेली, लाऊरी. तुझी टोळी एका दिवसाची आहे. माझी रोज पावणेसातला उभी असते."

"पण वायकिंगाला मिशी असते रे!"

"तू कितीजणांना भेटलायस?"

शेडमध्ये खसखस पिकली. लाऊरीने ब्रश डब्यात टाकला. "ठीक आहे. मागच्या रांगेत उभा राहा. शिरस्त्राण खाली ओढून घे."

हे गिबीला लागलं. कोटाच्या आतून तसबीर काढून त्याने बाकावर ठेवली. लाऊरीने चष्मा लावला. त्याचं बोट पहिल्या माणसावरून दुसऱ्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"हा आमचा. थोरला रॅटर."

"तोच. त्याची मिशी दाखव मला."

लाऊरीने तसबीर उजेडाकडे धरली. ही माणसं असल्या होडीतून चाळीस मैल समुद्रात जाऊन मासे आणत, हे दोघांनाही लहानपणापासून ऐकून पाठ होतं.

"या सहाजणांना मागच्या रांगेत उभं करायची माझी छाती नाही," लाऊरी शेवटी म्हणाला. "पुढच्या रांगेत ये. माझ्या डावीकडे. कुणी काही बोललं तर सांग, यार्लचा हुकूम आहे." आणि मग आवाज खाली आणून, "रात्री खरंच वेगळं वाटतं का रे? आमची बेट्टी रोज सकाळी म्हणते, झोपेत मीही मधेच श्वास घ्यायचा विसरतो."

"मिरवणूक होऊ दे," गिबी म्हणाला. "मग डॉक्टरकडे मी घेऊन जातो तुला. बसनेच."

सहा फेब्रुवारीला कर्स्टीनबाईंचा फोन आला. शेवटच्या तीन आठवड्यांत श्वास अडकणं तासाला तीनवर आलं होतं, गळती जवळजवळ नव्हती, दिवसाची झोपही गेली होती. डॉक्टरांनी पत्रावर सही केली होती. "आणि मिस्टर हॅल्क्रो," त्या म्हणाल्या, "आता आम्ही शेटलंडच्या माणसाला दाढी विचारताना इंचात विचारतो."

मिरवणूक झाली, जहाज जळलं. शनिवारी सकाळी टोळीतल्या एकवीस जणांनी वर्षभराच्या दाढ्या उतरवल्या आणि गाव त्यांच्या पांढऱ्या हनुवट्या बघून हसलं. गिबीने मात्र आपली ठेवली. आता ती त्याला आवडायला लागली होती. परवान्याचं उत्तर पुढच्या गुरुवारी आलं, बदली माणसाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना.

सोमवारी पावणेसातला बस सुटली. गिबीने पहिल्याच चढावर गिअर वेळेवर बदलला आणि मागे कुणीतरी समाधानाने खाकरलं. ऑक्टोबरातल्या त्याच जागी समोरून मासळीचा ट्रक आला. गिबीने बस पट्टीत घेतली, ट्रक गेला, ट्रकवाल्याने हात केला. तेवढ्यात खांद्याला सुईचं टोक लागलं.

"जागा आहेस ना रे?"

"आहे, माइमा," गिबी म्हणाला. आरशात त्याने मागच्या सगळ्या बाकांवरून नजर फिरवली आणि बस रस्त्यावर घेतली. "वसंताची वाट बघत होतो. पण तो लर्विकलाच भेटेल असं दिसतंय."