आकारामची चिमणी आणि रंकाळ्यातलं केंदाळ

आकारामची चिमणी म्हणजे म्हैस. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ती आडवी उभी राहिली की मागच्या गिऱ्हाइकाला पुढचा रस्ता दिसायचा बंद. त्याची बायको बनाबाई म्हणायची, एवढं लाडाचं नाव ह्यांनी मला कधी ठेवलं न्हाय. ते खरंच होतं; लग्नापासून आजपर्यंत तो तिला 'अगं' एवढंच म्हणत आला होता.

दुपार कलली की म्हशी रंकाळा तळ्यात घालायच्या, संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायची आणि वर्षभर दिवाळीच्या पाडव्याची वाट बघायची, असं आकारामचं आयुष्य. पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या आणि मालकाच्या फटफटीमागं पळवायच्या. चिमणीला आवाजाची सवय व्हावी म्हणून त्यानं आपल्या राजदूतचा सायलेन्सर काढून ठेवला होता. फटफटी कडाडली की चिमणी दावं तोडून मागं धावायची. गल्लीत मात्र महिनाभर कुणाला सकाळी घड्याळ लागलं नाही. शेजारच्या कालिंदीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी एकदा खिडकीतून विचारलं, बहिरं नक्की कोण आहे, म्हैस की मालक?

बाईंचं आणि आकारामचं दुसरं भांडण रंकाळ्यावरून. दोनेक वर्षांत तळ्यात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं होतं. वर जांभळी फुलं, दिसायला देखणं; खाली पाण्याला ना ऊन ना वारा. नाल्यातून येणाऱ्या घाणीवर ते फोफावत होतं. मासे उलटे तरंगू लागले, काठावर फिरायला येणारे नाकाला रुमाल लावू लागले. बाईंनी तालमीतल्या पैलवानांना गाठून दर रविवारी केंदाळ ओढायचा बेत केला आणि म्हशीवाल्यांनाही बोलावलं. आकारामनं ते हसण्यावारी नेलं.

"बाई, आयतं कुरण हाय की. देवानं दिलेला चारा उपटून टाकू व्हय?"

चिमणी तो चारा नुसता हुंगायची आणि तोंड फिरवायची, हे मात्र तो कुणाला सांगत नसे.

पाडवा तोंडावर आला होता. त्या दुपारी चिमणीला पाण्यात सोडून आकाराम काठावर तंबाखू मळत बसला आणि जोडीदार गुंडूला, यंदा आपली म्हैस कशी पळणार ते हातवारे करून सांगू लागला. सांगण्याच्या भरात पाठ तळ्याकडं झाली. मधेच वारा फिरला आणि पलीकडचं केंदाळ सरकत सरकत अलीकडच्या काठाला येऊन चिकटलं. आकाराम वळला तेव्हा बाकीच्या म्हशी काठावर रवंथ करत होत्या आणि जिथं पाणी होतं तिथं हिरवागार गालिचा. चिमणी नाही.

त्यानं हाका मारल्या. घसा बसला, पण गालिचा हलला नाही. गुंडूनं उडी टाकली. केंदाळाच्या मुळ्या पायांत गुंतल्या आणि त्यालाच बाहेर ओढून काढावं लागलं. उन्हं उतरू लागली. बनाबाई धावत आली, तालमीतले पैलवान लंगोटावर आले. कुणी म्हणे बुडाली, कुणी म्हणे तळाला रुतली. आकाराम मटकन चिखलात बसला. आपण चारा म्हटलं त्यानंच म्हैस गिळली, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

कालिंदीबाई गर्दीतून पुढं आल्या.

"आकाराम, तुमची ती फटफटी कुठाय?"

आकारामनं घराकडं बोट दाखवलं.

"रोज माझे कान फोडता ना? आज फोडा."

गुंडूनं पळत जाऊन राजदूत आणली. आकारामनं किक मारली आणि मूठ पिळली तसा अख्खा रंकाळा दणाणला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग लांबून, केंदाळाच्या ऐन पोटातून, एक रेकल्याचा आवाज आला. झोपमोड झाल्यासारखा, चिडका. एका जागी फुलं हलली. पैलवान विळे घेऊन त्या रोखानं घुसले. कापायचं, बाजूला रेटायचं, परत कापायचं. फटफटी थांबली की फुलंही थांबायची, म्हणून आकारामनं मूठ सोडलीच नाही.

वाट मोकळी झाली आणि चिमणी बाहेर आली. अंगभर मुळ्यांची जाळी, शिंगांत जांभळी फुलं.

"बघा की, पाडव्याआधीच नटली बया," बनाबाई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत हसत सुटली.

आकारामनं फटफटी तशीच आडवी टाकून म्हशीच्या गळ्याला मिठी मारली. तिचा धपापता ऊर हाताला लागला तेव्हा कुठं त्याचाही श्वास खाली बसला. बनाबाई बघत होती. पुढं महिनाभर ती मिठी तिनं साऱ्या गल्लीला सांगितली.

पाडवा झाल्यावरच्या रविवारी रंकाळ्यावर सगळ्यांत आधी आकाराम हजर. चिमणीच्या मानेला जाड दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला केंदाळाचा भलामोठा भारा आणि पुढं राजदूत. फटफटी पुढं गेली की चिमणी मागं, आणि चिमणीमागं भारा घसरत घसरत बाहेर. दहा पैलवानांना दमवणारं काम ती शेपूट हलवत करू लागली.

"आता तरी फटफटीला सायलेन्सर लावा," बाई ओरडल्या.

"लावला तर ही जागची हलणार न्हाय, बाई. मग तुम्हीच दोर धरा."

बाईंनी पिशवीतून कापूस काढला, दोन्ही कानांत बोळे घातले आणि हातानं खूण केली, चालू दे.