अळणी कोबी

कोबी ही भाजी मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याला थंडीत आई कच्च्या कोबीची पचडी करायची, ती तेवढी मी मागून खायचे. शिजलेला कोबी म्हणजे माझ्या लेखी खानावळीची भाजी. त्याच कोबीपायी पन्नाशी उलटल्यावर मी चेन्नईत तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गच्चीवर माती उपसत बसले, कारण माझ्या नवऱ्याला खाण्यासारखं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं.

ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आहारतज्ज्ञ बाई माझ्या मुलाच्या वयाची होती. गोड आवाजात तिने एकेक पदार्थ छाटायला सुरुवात केली. केळं नको, कच्चं केळं तर नकोच, सुरण नको, अळकुड्या नकोत, रताळं नको, नारळ नको, तीळ नको, गूळ नको. मीठ नावापुरतं. दिवसाचं पाणी एका बाटलीत, त्यातच चहा आणि औषधं. मग खायचं काय, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं. ती म्हणाली, "कोबी चालेल. चिरून उकळायचा, पोटॅशियम उतरलेलं पाणी टाकून द्यायचं आणि मग द्यायचा."

हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. बोलणं जुन्या वळणाचं मराठी आणि जीभ पुरती तमिळ. खोवलेल्या नारळाशिवाय भाजी त्यांना भाजीच वाटायची नाही, आणि कच्च्या केळ्याच्या परतलेल्या कापांवर तर जीव. अशा माणसापुढे मी उकडून पिळलेला अळणी कोबी ठेवू लागले. दोन घास खाऊन हे ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "पुरे." त्या शब्दाची मला धास्ती बसली. खाणं असंच तुटत गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ह्यांचं जगणं त्या कोबीवर येऊन ठेपलंय असं मी डोक्यात घेतलं. वेड म्हणा हवं तर.

बाजारातला कोबी लांबून, गाड्यांमधून दडपून यायचा. उकळला की घरभर फटाक्याच्या दारूसारखा वास. म्हणून गच्चीवर पिशव्या मांडल्या. पहिल्या वर्षी दोन जाती लावल्या. एक पुण्याहून मागवलेली, लवकर तयार होणारी गोल. दुसरी इथल्या नर्सरीतली, उकाड्यात टिकणारी संकरित. पुण्याच्या जातीला रात्रीची थंडी लागते आणि चेन्नईच्या डिसेंबरात आम्ही पंखा लावून झोपतो. तिने भाराभर पानं केली आणि गड्डा काही धरला नाही. नर्सरीतल्या जातीचे गड्डे मात्र चेंडूसारखे टणक झाले. शेजारीपाजारी बघून गेले, मी मिरवून घेतलं. मग उकळला, पाणी टाकलं आणि ताटात ओला कागद उरला. मला रडूच आलं.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कच्चं पान चाखून जात निवडण्यात माझा काही फायदा नव्हता. जगातले बाकीचे लोक कोबी कसा निवडतात ते त्यांचं त्यांना लखलाभ. पाणी टाकून दिल्यावरही ज्यात चव उरते तो कोबी मला हवा होता.

दुसऱ्या वर्षी तीन जाती लावल्या: मोठ्या चपट्या गड्ड्याची, सुरकुतलेल्या पानांची आणि टोकदार गड्ड्याची. ऑक्टोबरात पावसाच्या माऱ्यात रोपं जिन्याखाली ठेवली, नोव्हेंबरात वर नेली. सकाळी पानांमागच्या अळ्या वेचायच्या, समुद्राचं खारं वारं लागू नये म्हणून जाळी बांधायची, आणि दोन्ही वेळा पाणी. डायलिसिस नसेल त्या दिवशी हे कसेबसे जिना चढून खुर्चीत बसायचे. मी झारीने पाणी घालत असताना त्यांची नजर पिशव्यांवरून हलायची नाही. ओठ कोरडे पडलेले. एकदा म्हणाले, "काय गे, ह्यांना पाणी मोजून नाहीं वाटतें?" मी हसले. ते हसले नाहीत. त्यानंतर मी हे वर नसताना पाणी घालू लागले.

सुरकुतलेली रोपं उन्हाने गेली. चपटा कोबी मार्चपर्यंत नुसता पसरत राहिला. टोकदार जातीने मात्र जानेवारीत लहानसे, सैल गड्डे धरले. एक कापला. उकळताना झाकण ठेवलं नाही, पान जेमतेम मऊ झाल्यावर लगेच उतरवला, पाणी टाकलं, वर मोहरीची फोडणी आणि लिंबाचे चार थेंब. वास आला नाही. ह्यांनी एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. ताट स्वच्छ झालं. मग म्हणाले, "पोट भरलें गे." किती महिन्यांनी ते ऐकलं, सांगता येणार नाही. त्या मोसमात गच्चीवरचे टोकदार गड्डे संपेपर्यंत आमच्या घरी बरे दिवस होते.

तिसऱ्या वर्षी गच्चीभर तीच जात लावली. दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नाही. डिसेंबरात गड्डे लिंबाएवढे झाले असताना डायलिसिसच्या खुर्चीतच ह्यांचं हृदय थांबलं. पोटॅशियम वाढलं होतं, असं सांगितलं. मी विचारलं, कशाने? कोबी तर मी नीट उकळत होते. डॉक्टर म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

नंतरच्या दिवसांत मी गच्चीकडे फिरकले नाही. अवकाळी पावसावर रोपं तगली. पहिलं मासिक श्राद्ध आलं, तेव्हा वर जाऊन पाहिलं तर सगळे गड्डे तयार. मी चांगला भरलेला एक कापून खाली आणला. तळमजल्यावर राहणारी माझी थोरली नणंद, अक्का, स्वयंपाकाचं बघत होती. माझ्या हातात कोबी बघून ती दचकली.

"अय्यो, कोसु नको गे. इंग्लिश भाजी ती. श्राद्धास चालत नाहीं."

मी म्हटलं, "अक्का, दोन वर्षं दुसरं काय खाल्लंय त्यांनी?"

तिचे डोळे भरले, पण तिने मान हलवली. वाध्यार, म्हणजे आमचे पुरोहित, तेही समजुतीच्या सुरात तेच म्हणाले: बाहेरून आलेल्या भाज्या पितरांच्या पानात वाढत नाहीत. मग काय वाढतात? अक्काने सांगितलं आणि मी चिरायला बसले. कच्चं केळं. सुरण. अळकुड्या. रताळं. वर खोवलेला नारळ, तिळाचे लाडू, गुळाचं पायस. त्या गोड आवाजाच्या मुलीने जे जे छाटलं होतं, ते सगळं माझ्या हाताने केळीच्या पानावर गेलं. एकही पदार्थ चुकला नाही.

ह्यांच्या जागी बसवलेले गृहस्थ चांगले जेवले. केळ्याचे काप दोनदा मागून घेतले, तांब्याभर पाणी घटाघट प्यायले. मुलाने विधीप्रमाणे विचारलं, तृप्त झालात का? ते म्हणाले, तृप्त झालो. त्या भल्या माणसाचा मला इतका राग आला की मी आत निघून गेले. हे जिवंत होते तेव्हा पाण्याच्या घोटासाठी तोंडाकडे बघायचे माझ्या, आणि आता सगळं चालतं. आता काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी तो बाजूला ठेवलेला कोबी मी चिरला. उकळला नाही, पाणी टाकलं नाही. तेलावर परतला, भरपूर नारळ घातला, आई घालायची त्या अंदाजाने मीठ घातलं. ह्यांना आवडली असती तशीच भाजी झाली. अक्काला आणि मला पानं घेतली. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. भाजी खारट झाली होती, तोंडात धरवेना.

"मीठ फार पडलं का हो?" मी विचारलं.

अक्काने पुन्हा एक घास खाऊन बघितला. "नाहीं गे. बरोबर आहे की."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ह्यांच्यासमोर वेगळं जेवायला नको म्हणून इतके दिवस मी त्यांच्याच पातेल्यातलं अळणी खात आले होते. ताटातली भाजी मी भांड्यात काढली, नळाखाली धरली आणि मीठ धुऊन निघेपर्यंत तशीच उभी राहिले.